सत्यनारायणाचे चार खांब आणि एक पातळ कागद

आमच्याकडे बडोद्याला दांडिया बाजारच्या घरात श्रावणातला सत्यनारायण आजोबांच्या वडलांपासून चालत आलाय. चौरंगाला केळीचे चार खांब बांधायचे, दुसऱ्या दिवशी ते निर्माल्यात. २०२४ च्या श्रावणात मी ते खांब मागितले. आई आधी काही बोललीच नाही, मग म्हणाली, "अगं, देवाचे खांब ते, लॅबमध्ये नेऊन कॉस्टिकमध्ये उकळणार तू?" आजोबा खुर्चीतूनच म्हणाले, "नेऊ दे गं तिला. पाण्यात सोडून कुजण्यापेक्षा बरं आहे." आईने खांबांना हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि मग पिशवी दिली.

माझं एमएस्सीचं शेवटचं वर्ष होतं आणि प्रोजेक्टचा विषय होता, शेतीच्या कचऱ्यातलं सेल्युलोज काढून सोलर सेलच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये वापरता येतं का. नातेवाइकांना सांगितलं की सगळ्यांना छतावरची निळी-काळी पॅनेलं आठवायची, म्हणून आधीच सांगते, ती सिलिकॉनची, त्यांत इलेक्ट्रोलाइट नसतोच. मी जो सेल म्हणतेय तो डाय-सेन्सिटाइज्ड, १९९१ साली ब्रायन ओरेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल यांनी दाखवलेला. दोन काचा, दोन्हींवर वीज वाहून नेणारा पारदर्शक थर. एका काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा सच्छिद्र थर आणि त्याला चिकटलेला रंग, दुसऱ्या काचेवर प्लॅटिनमचा अगदी हलका लेप, आणि मधल्या फटीत आयोडाइड आणि आयोडीन विरघळलेलं तपकिरी द्रव, तोच इलेक्ट्रोलाइट. ऊन पडलं की रंगाचा रेणू आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियावर, म्हणजे त्या पांढऱ्या थरावर, टाकतो, तो तारेतून फिरून दुसऱ्या काचेपर्यंत येतो, आणि रंगाची जी जागा रिकामी झाली ती भरायचं काम आयोडाइडचं, तो इलेक्ट्रॉन देतो, स्वतः ट्रायआयोडाइड होतो, पलीकडे जाऊन इलेक्ट्रॉन घेतो आणि परत येतो. नावाड्यासारख्या फेऱ्या चालू असतात सतत, ऊन आहे तोपर्यंत. इलेक्ट्रोलाइट सुकला की नाव बंद, बाकी सगळं कितीही भारी असो.

आणि तो सुकतोच. आयोडाइड विरघळवायला नेहमी जे सॉल्व्हंट वापरतात, ॲसिटोनायट्राइल, ते ८२ अंशाला उकळतं, सील जरा कुठे कच्चं राहिलं की उडून जातं किंवा कडेने झिरपतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४२-४३ अंश असतात, उन्हात ठेवलेल्या काचेचं तर बोलायलाच नको. म्हणून ते द्रव कशात तरी धरून ठेवायचं, जेलमध्ये किंवा एखाद्या पातळ पडद्यात. बाजारातली पॉलिमर आहेतच त्यासाठी, पण प्रोजेक्टच्या आमच्या मॅडमचं म्हणणं, झाडं जे पॉलिमर फुकट तयार करतात ते आपण फेकून देतो, ते वापरून बघ.

केळ घ्यायचं कारण साधं. केळीला घड एकदाच येतो, घड उतरवला की ते झाड कापायचं, आणि नर्मदेकाठच्या गावांत केळीची शेतं कितीतरी आहेत, कापलेली खोडं बांधावर पडून असतात. सुरुवात मात्र घरच्या चार खांबांपासून, आणि नंतर खंडेराव मार्केटमध्ये पूजेचे उरलेले खांब विकणारे बसतात त्यांच्याकडून. तिथले एक काका दर वेळी विचारायचे, "बेन, आ थडनुं शुं करशो?" (ताई, या खोडांचं काय करणार?) सोलर म्हटलं की हसायचे आणि दोन खांब जास्त टाकायचे पिशवीत.

पहिल्याच दिवशी कळलं की केळीच्या चिकाला हात लावताना जुने कपडे घालायचे. चीक दिसतो पाण्यासारखा, आणि तासाभरात तपकिरी, मग काळा. माझा फिकट पिवळा कुर्ता त्यात गेला, आजीने लिंबू चोळून बघितलं, रॉकेल लावून बघितलं, काही नाही. तो डाग म्हणजे चिकातली टॅनिनसारखी द्रव्यं हवेत ऑक्सिडाइझ होतात ती, आणि तीच मला सेल्युलोजमधून बाहेर काढायची होती, म्हणजे कुर्त्यावरून निघेनात ती तंतूंमधून काढायची.

चार खांब मिळून सहा किलोच्या आसपास भरले. सोपटं सोलून, बोटाएवढे तुकडे करून गच्चीवर वाळत घातले. श्रावणात गच्चीवर काय वाळणार. तिसऱ्या दिवशी करडी बुरशी आली, अर्धे फेकले, उरलेले लॅबच्या ओव्हनमध्ये ६० अंशाला. केळीच्या खोडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं हे वाचलेलं होतं, पण एवढी मोठी पिशवी भरून नेलेली आणि परत येताना हातात डब्याएवढं वाळलेलं गवत, ते बघून खरं पोचलं.

मग ऑगस्टच्या शेवटी पूर आला. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, अर्धं शहर पाण्यात, लोकांच्या दारात मगरी, आमच्या भागातही लाइट दोन दिवस नव्हती. लॅब वरच्या मजल्यावर म्हणून वाचली पण सगळीकडे ओल. डेसिकेटरमधली, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायच्या भांड्यातली, निळी सिलिका जेल पूर्ण गुलाबी झालेली, म्हणजे तिला आता आणखी ओल घेता येत नव्हती. मी त्या गुलाबी दाण्यांकडे बघत बसले होते. तेव्हा मला ते फक्त पुराचं वाटलं, पण पुढचे सहा महिने माझी सगळी मारामारी त्या पाण्याशीच होती, सेल्युलोजला पाणी इतकं प्रिय आहे.

तर पद्धत अशी. वाळलेले तुकडे आधी गरम पाण्यात उकळायचे, मग सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, म्हणजे कॉस्टिकमध्ये, ८०-९० अंशाला दोन तास, त्यात सेल्युलोजला चिकटलेलं लिग्निन आणि हेमिसेल्युलोज बरंचसं सुटतं, पाणी कडक काळ्या चहासारखं होतं. ते ओतायचं, धुवायचं, परत तेच. मग ब्लीच. पहिल्यांदा सोडियम क्लोराइट आणि ॲसेटिक ॲसिडने केलं, लगदा पांढराशुभ्र झाला, पण त्यातून क्लोरीन डायऑक्साइडचा पिवळट वायू निघतो, फ्यूम हूडमध्ये करूनसुद्धा घशात खवखव राहिली. मला ते पटेना. कचऱ्यातून चांगलं काहीतरी करतोय म्हणायचं आणि त्यासाठी हे हवेत सोडायचं. नंतर सगळं हायड्रोजन पेरॉक्साइडवर नेलं, रंग जरा सायीसारखा राहतो, चालतो.

आता धुण्याचं. ह्यात मला आजोबांनी शिकवलं. आजोबा गिरणीत डाइंग खात्यात होते, सुताला कॉस्टिकमध्ये घालून चमक आणायची, मर्सरायझिंग, ते त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं. मी संध्याकाळी घरी येऊन सांगितलं की तीनदा धुतलं, पीएच पेपर सात दाखवतोय. ते म्हणाले, "वरच्या पाण्याचा बघितलास ना? लगदा पिळून त्या पाण्याचा बघ. आणि दोन बोटांत घासून बघ, बुळबुळीत लागलं तर कॉस्टिक आहे अजून आत." मी म्हटलं, "आजोबा, हातमोजे घालायचे असतात." तर म्हणाले, "मग मोजे घालून पेपर लाव, पण पिळ." दुसऱ्या दिवशी पिळून पेपर लावला. गडद निळा. नऊच्या वर. वरचं पाणी सात आणि तंतूंच्या आतलं नऊ! तंतू पोकळ असतात, फुगतात, आतलं कॉस्टिक लवकर बाहेर येतच नाही, गरम पाण्यात अर्धा तास भिजत ठेवून पिळायचं, परत भिजवायचं, असं सात-आठ वेळा केलं तेव्हा कुठे सुटलं.

हे इतकं सांगतेय कारण पुढे परत एकदा माझं काम ह्याच धुण्यावर अडलं.

पण त्याआधी अडचण आली आयोडीनच्या टेस्टमध्ये. लगदा स्वच्छ दिसत होता, सहज म्हणून चिमूटभर लगद्यावर आयोडीनच्या पाण्याचे दोन थेंब टाकले. तपकिरी डाग पडायला हवा होता. पडला तो जांभळट निळा, काही ठिकाणी काळाच. शाळेत बटाट्यावर टाकून बघतो ना, तोच निळा. स्टार्च! केळीच्या खोडाचा आतला पांढरा गाभा, ज्याची कोकणाकडे भाजी करतात, आमची आजी पण करते, त्यात स्टार्च असतो आणि मी गाभ्यासकट सगळं एकत्र उकळलं होतं. स्टार्चमधला अमायलोज आयोडीनला आपल्या वेटोळ्यात धरून बसतो, म्हणजे माझ्या इलेक्ट्रोलाइटमधला नावाडीच पकडून ठेवणार. त्या बॅचचं सगळं काम गेलं, तीन आठवडे. त्यानंतर गाभा आजीला आणि सोपटं मला, अशी वाटणी. गजरेवाल्या बायका ज्या सोपटाच्या दोऱ्याने गजरे ओवतात ते बाहेरचं सोपटच सगळ्यात चिवट, सेल्युलोजही त्यातच चांगलं मिळतं. ही आयोडीनची टेस्ट मग मी प्रत्येक बॅचला केली, पैसे लागत नाहीत, दहा सेकंद लागतात, कुणी हे काम करत असेल तर पहिल्या दिवसापासून करा.

पुढचा प्रश्न, सेल्युलोज सहजासहजी कशातच विरघळत नाही. पाण्यात नाही, अल्कोहोलमध्ये नाही, साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी इतक्या घट्ट धरून असतात. जेल करायचं तर विरघळायला हवं, म्हणून आधी कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज केलं, सगळे सीएमसी म्हणतात, आइस्क्रीममध्ये असतं तेच. आयसोप्रोपॅनॉलमध्ये कॉस्टिक आणि मोनोक्लोरोॲसेटिक ॲसिड, हे ॲसिड त्वचेवर पडलं तर फार वाईट, ते काम एकटीने करायचं नाही असा लॅबचा नियम होता आणि तो बरोबरच होता. सीएमसी झालं, पाण्यात टाकलं तर काय सुंदर जेल, काचेसारखं स्वच्छ, चमच्याने उचललं तर लोंबणारं. आयोडाइड मिसळलं, सेलमध्ये भरलं, पहिल्या दिवशी करंट कमी पण आला, व्होल्टेज आलं, मी मॅडमना रात्री मेसेज केला.

दोन दिवसांनी सेल उघडला तर जेल गुलाबी. टायटॅनियावरचा रंग सुटून जेलमध्ये आलेला. आम्ही वापरत होतो तो रुथेनियमचा एन-७१९ रंग टायटॅनियाला आपल्या ॲसिडच्या हातांनी धरून असतो, पाणी आणि त्यात थोडासा अल्कलीपणा मिळाला की हात सुटतो. सीएमसी पाण्याशिवाय फुगत नाही आणि पाणी असलं की रंग टिकत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर मी पाणी कमी करत, सॉल्व्हंट बदलत घालवले. जमलं नाही. पाणीच चालणारे वेगळे रंग आहेत, त्यांच्यावर लोक काम करतायत, पण ते माझ्याकडे नव्हते.

संक्रांतीला घरी सगळ्यांना तिळगूळ देत असताना आजोबांनी विचारलं, काय झालं तुझ्या खांबांचं. मी सांगितलं की विरघळवायचं जमत नाहीये. ते म्हणाले, "पण विरघळवायचं कशाला? टीपकागद शाई धरतो तो विरघळतो का?"

उत्तरायणाची सुट्टी होती, बडोद्यात दोन दिवस कुणी पतंगाशिवाय दुसरं काही करत नाही, मी गच्चीवर बसून तेच वाचत होते, आणि खरंच, सेल्युलोजचा कागद करून त्यात इलेक्ट्रोलाइट शोषून घ्यायचा हा रस्ता लोकांनी आधी चोखाळलेला आहे, मी जेलच्या मागे लागून तिकडे बघितलंच नव्हतं. विरघळत नाही हा जो मला दोष वाटत होता तोच इथे उपयोगाचा, कागद सॉल्व्हंटमध्ये फुगतो पण तुटत नाही.

कागद करणं मला फार आवडलं. ब्लीच केलेला लगदा भरपूर पाण्यात घालून मिक्सरमध्ये अगदी ताकासारखा होईपर्यंत फिरवायचा, थांबत थांबत, नाहीतर गरम होतो. मग ब्यूकनर फनेलवर, म्हणजे तळाला भोकं असलेल्या गाळणीवर, फिल्टर पेपर ठेवून ओतायचा, खाली व्हॅक्यूम, पाणी जातं आणि वर एक ओला पापुद्रा राहतो, घावनासारखा. तो न फाडता सोडवणं हेच कौशल्य. मी आधी चिमट्याने ओढायचे आणि कड फाटायची. मग फिल्टर पेपरसकट उलटा करून टीपकागदांच्या मध्ये ठेवायला लागले, वर काच, वर दोन जाड पुस्तकं, रात्रभर. सकाळी फिल्टर पेपर आपोआप सुटतो, आणि हातात येतो तो कागद बोटांत धरून हलवला की सळसळ वाजतो, उजेडात धरला तर तंतूंचं जाळं दिसतं, ढगाळ, कुठे दाट कुठे विरळ. मायक्रोमीटरने ४० मायक्रॉनच्या आसपास. माझ्या पिशवीतल्या खांबांचा तो कागद. आईला दाखवायला एक तुकडा घरी नेला, तिने तो देवघरात ठेवला.

सॉल्व्हंट बदललं, प्रॉपिलीन कार्बोनेट, २४२ अंशाला उकळतं, म्हणजे बडोद्याच्या उन्हाला पुरून उरेल. त्यात थोडं इथिलीन कार्बोनेट, जे ३६ अंशाला वितळतं, जानेवारीत बाटलीत दगडासारखं घट्ट असतं आणि कोमट पाण्यात धरून वितळवून घ्यावं लागतं, एप्रिलमध्ये बघावं तर आपोआप पातळ. आयोडाइड आणि आयोडीन दहास एक. कागद १०५ अंशाला वाळवून गरम असतानाच इलेक्ट्रोलाइटमध्ये टाकायचा, थंड होऊ दिला की हवेतली ओल ओढतो.

आणि इथे दुसऱ्यांदा धुणं आडवं आलं. एका बॅचचे कागद भिजवले, रात्री सगळे तपकिरी, सकाळी त्यांच्यावर फिकट ठिपके, दोन ठिकाणी जवळजवळ पांढरे. मी आधी समजले की कागद नीट भिजला नाही. मग लक्षात आलं, अल्कली राहिली आहे, अल्कलीत आयोडीनचं आयोडेट होतं आणि रंग जातो. त्या बॅचला धुताना मला ताप होता आणि मी पाचव्या पिळण्यावर थांबले होते. वहीत लिहिलेलं होतं, तारखेसकट.

मार्चमध्ये शेवटी सेल चालले. कागदवाल्या सेलचं व्होल्टेज ०.६८ व्होल्ट, साध्या द्रवाच्या सेलच्या बरोबरीचं. करंट कमी, साधारण दोन तृतीयांश, कारण प्रॉपिलीन कार्बोनेट घट्टसर आहे आणि त्यात कागदाच्या जाळ्यातून वाट काढायची, ट्रायआयोडाइडच्या फेऱ्या सावकाश होतात. महिनाभरात ॲसिटोनायट्राइलवाला सेल निम्म्याच्या खाली गेला, कागदवाला जवळजवळ तिथेच. मी ग्राफ काढला, केळीच्या कागदाने सेल टिकवला असं मोठ्या अक्षरात शीर्षक दिलं आणि मॅडमकडे गेले.

मॅडमनी ग्राफ बघितला आणि एकच विचारलं, "प्रॉपिलीन कार्बोनेटचा, कागदाशिवायचा सेल कुठे आहे?"

तो मी केलाच नव्हता. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, सॉल्व्हंट आणि कागद, आणि सगळं श्रेय कागदाला दिलं होतं. घरी येऊन रडले, खरं सांगते, कारण मला उत्तर काय येणार ते तिथेच दिसलं होतं. परत सेल केले. कागदाशिवायचा प्रॉपिलीन कार्बोनेटचा सेलही महिनाभर छान चालला. म्हणजे टिकाऊपणातला मोठा वाटा उकळबिंदूचा, केळीचा नाही.

मग केळीचा वाटा कोणता? तो सीलच्या कोपऱ्यात सापडला. सेलच्या कडा सरलिनच्या पट्टीने गरम दाबून बंद करतात, आणि माझ्या सेलपैकी दोघांचा कोपरा नीट चिकटला नव्हता, एक कागदाचा, एक विनाकागदाचा. विनाकागदाच्या सेलमध्ये चार दिवसांत कोपऱ्यातून तपकिरी थेंब बाहेर आला, आत हवेचा बुडबुडा, करंट पडला. कागदाच्या सेलचा कोपरा तसाच उघडा, आणि थेंब नाही. टीपकागदाने शाई धरून ठेवलेली. मग मी मुद्दाम प्रत्येकी चार सेलचे कोपरे उघडे ठेवून बघितलं, कागदवाले चारही राहिले, दुसऱ्यांतला एकच. प्रबंधात शेवटी तेच लिहिलं, कागद गळती थांबवतो, करंट थोडा खातो. शीर्षक छोटं झालं पण त्यातला प्रत्येक शब्द मला कुणाहीसमोर उभं राहून सांगता येतो.

अजून एक गोष्ट मी त्यात मॅडमना विचारून घातली. दहा ग्रॅम लगद्यामागे धुण्याला मला साधारण ४० लिटर पाणी लागलं, बादल्या मोजून लिहिल्या होत्या. कचरा फुकट आहे पण हे पाणी फुकट नाही, आणि ते काळं पाणी आम्ही न्यूट्रल करूनच सोडलं. कचऱ्यातून म्हटलं की लोक लगेच टाळ्या वाजवतात, हा आकडा कुठेच लिहीत नाहीत. मला शेवटचं धुणं पुढच्या बॅचच्या पहिल्या धुण्याला वापरून बघायचंय, त्यात बरंच वाचेल, आजोबा म्हणतात गिरणीत तसंच करायचे.

व्हायवा झाला, पण मे महिना सुरू होता आणि ज्या उन्हासाठी हे सगळं केलं ते समोरच होतं. तीन सेल घरी आणले, मॅडमच्या परवानगीने, आणि गच्चीवर टाकीच्या कठड्याला टेपने लावले, तारा खाली जिन्यात. मला दुपारी नोकरीच्या मुलाखतींना जायचं असायचं म्हणून मल्टिमीटर कसा लावायचा ते आईला शिकवलं. ती रोज दुपारी एकला वर जायची, डोक्यावर पदर घेऊन, आणि आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायची. कॅलेंडरचं ते पान मी जपून ठेवलंय. तीनपैकी एक सेल १९ मेला गेला, काचच तडकली. दुसऱ्याचे आकडे हळूहळू उतरलेत. तिसऱ्यापुढे ३१ तारखेच्या चौकटीत आईच्या अक्षरात आहे, दूध दीड लिटर, खांब ०.५९.